जिवाणूंना औषधाची ‘सवय’ होते का? १९४३ च्या एका प्रयोगाचं गणित

“ही गोळी आता लागू पडत नाही, जंतूंना सवय झाली आहे.” दवाखान्याच्या बाकावर, औषधाच्या दुकानासमोर किंवा घरच्या ग्रुपवर हे वाक्य सर्रास ऐकू येतं. अनुभव खरा आहे. पूर्वी ज्या औषधाने आजार बरा व्हायचा, ते कधी कधी निकामी ठरतं. पण ‘सवय’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे.

सवय म्हटलं की क्रम ठरतो. आधी औषध येतं, जंतू ते सोसतो आणि हळूहळू त्याला सरावतो. म्हणजे संकट आधी, बदल नंतर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. बदल आधीच झालेला असतो, तोही योगायोगाने. औषध फक्त तो उघड करतं.

हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. ते सिद्ध झालं संभाव्यतेच्या गणितातून. क्षयरोगावर एकाच वेळी चार औषधं का देतात, याचं उत्तरही त्याच गणितात आहे.

वाद नेमका काय होता?

डार्विनच्या सिद्धांतानुसार सजीवांमध्ये लहानमोठे फरक असतातच. परिस्थिती त्यांतले सोयीचे फरक निवडते. त्याआधी लामार्कने मांडलेला विचार वेगळा होता. सजीव गरजेनुसार बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीला देतो, असं तो म्हणत होता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वनस्पती आणि प्राण्यांच्या बाबतीत लामार्कचा विचार मागे पडला होता. जिवाणूंच्या बाबतीत मात्र तो टिकून होता. जिवाणूंना जनुकं असतात का, यावरही तेव्हा एकमत नव्हतं. शिवाय रोज दिसणारा एक प्रकार या विचाराला पूरक वाटायचा.

जिवाणूंचा नाश करणारे काही विषाणू असतात. त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसतं ‘फाज’ म्हणतात. जिवाणूंनी गढूळ झालेल्या द्रावणात फाज टाकले की काही तासांत द्रावण नितळ होतं, कारण जवळपास सगळे जिवाणू मरतात. पण काही वेळाने ते पुन्हा गढूळ व्हायला लागतं. जे मोजके जिवाणू वाचले, त्यांची संतती आता त्या फाजला दाद देत नाही.

हे मोजके जिवाणू वाचले कसे? दोन शक्यता होत्या.

पहिली शक्यता अशी की फाजशी गाठ पडल्यावर काही जिवाणूंनी स्वतःत बदल घडवला आणि ते तरले. दुसरी अशी की फाज येण्याआधीच, वाढीच्या काळात कधीतरी, काही जिवाणूंच्या जनुकांत योगायोगाने बदल झाला होता. अशा बदलाला उत्परिवर्तन किंवा म्युटेशन म्हणतात.

दोन्ही शक्यतांत शेवटी दिसतं तेच, बशीवर वाढलेल्या काही वसाहती. मग फरक ओळखायचा कसा?

दोन निर्वासित आणि एक स्लॉट मशीन

हा प्रश्न सोडवणारे दोघंही युरोपातून अमेरिकेत आले होते. साल्वादोर लुरिया हे इटलीतल्या तुरीनचे डॉक्टर. ज्यू असल्यामुळे फॅसिस्ट राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि पॅरिसमार्गे १९४० मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. माक्स डेलब्रुक मूळचे बर्लिनचे, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. ते १९३७ मध्ये अमेरिकेत आले होते. महायुद्धात त्यांचे मायदेश अमेरिकेचे शत्रू ठरले, त्यामुळे कागदोपत्री दोघंही ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ होते.

१९४३ च्या सुरुवातीला लुरिया इंडियाना विद्यापीठात रुजू झाले. तिथल्या प्राध्यापकांच्या एका नृत्यसमारंभात एक सहकारी स्लॉट मशीनमध्ये नाणी टाकत उभा होता. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नव्हतं. लुरिया त्याची थट्टा करत होते, तेवढ्यात त्याला जॅकपॉट लागला आणि नाण्यांचा ढीग खाली पडला. हा प्रसंग लुरियांनी पुढे आत्मचरित्रात लिहिला आहे.

त्यांच्या लक्षात आलं की मशीन पैसे समान वाटत नाही. बरेच डाव रिकामे जातात आणि एखाद्या डावात एकदम मोठी रक्कम येते. जिवाणूंतले बदल आधीच आणि योगायोगाने होत असतील, तर प्रयोगातले आकडेही असेच दिसले पाहिजेत. बरेच शून्य आणि मधूनच एखादा जॅकपॉट.

त्यांनी ही कल्पना डेलब्रुक यांना कळवली. डेलब्रुक यांनी तिला गणिताचं रूप दिलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

प्रयोग काय होता?

प्रयोगाची रचना साधी होती. ई. कोलाय जिवाणूंच्या थोड्या पेशी अनेक वेगवेगळ्या नळ्यांत टाकायच्या. प्रत्येक नळीत त्यांना स्वतंत्रपणे वाढू द्यायचं. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत प्रत्येक नळीत कोट्यवधी जिवाणू तयार होतात. मग प्रत्येक नळीतला नमुना फाजने माखलेल्या बशीवर पसरायचा आणि किती वसाहती उगवतात ते मोजायचं. प्रत्येक वसाहत म्हणजे वाचलेला एक जिवाणू आणि त्याची संतती.

सोबत एक तुलनाही होती. एकाच मोठ्या चंबूत जिवाणू वाढवायचे आणि त्या एका चंबूतून अनेक नमुने घेऊन ते तसेच बशांवर पसरायचे.

आता दोन्ही शक्यता तपासता येतात.

बदल फाजशी गाठ पडल्यावर होत असेल, तर प्रत्येक जिवाणूला वाचण्याची सारखीच छोटी संधी आहे. सगळ्या नळ्यांत जिवाणूंची संख्या साधारण सारखी आहे. म्हणून प्रत्येक बशीवर वसाहतीही साधारण सारख्याच दिसतील. वेगवेगळ्या नळ्या असोत की एकच चंबू, फरक पडणार नाही.

बदल आधीच होत असेल, तर तो कधी झाला याला महत्त्व येतं. एखाद्या नळीत बदल अगदी शेवटच्या दुपटीच्या वेळी झाला, तर त्या नळीत एकच प्रतिरोधी जिवाणू असेल. पण तोच बदल शेवटच्या सात दुपटींच्या आधी झाला, तर त्या एका जिवाणूचे २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि शेवटी १२८ वंशज होतील. गावात जुन्या मूळपुरुषाची भावकी मोठी असते, नव्याने आलेल्याचं एकच घर असतं, तसंच हे. बऱ्याच नळ्यांत तर बदल झालेलाच नसेल.

म्हणजे पहिली शक्यता खरी असेल तर आकडे एकमेकांच्या जवळपास राहतील, दुसरी खरी असेल तर ते प्रचंड विखुरलेले असतील.

आकडे काय म्हणाले?

एका प्रयोगात २० स्वतंत्र नळ्यांच्या बशांवर मोजलेल्या वसाहती अशा होत्या:

१, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५

आणि एकाच चंबूतून घेतलेल्या १० नमुन्यांचे आकडे असे:

१४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३

दुसऱ्या यादीत सगळे आकडे १३ ते २६ च्या दरम्यान आहेत. पहिल्या यादीत ११ वेळा शून्य आहे आणि एका ठिकाणी १०७. जिवाणू तेच, फाज तोच, पद्धत तीच. फरक एवढाच की पहिल्या यादीत प्रत्येक नळीचा इतिहास वेगळा होता, तर दुसऱ्या यादीत सगळ्या नमुन्यांचा इतिहास एकच होता.

हे डोळ्यांना दिसतंच, पण विज्ञानात ‘दिसतंच’ एवढं पुरत नाही. पसारा मोजावा लागतो.

पसाऱ्याचं मोजमाप

पावसाची पहिली सर अंगणातल्या फरशांवर पडते तेव्हा काही फरशांवर दोन थेंब पडतात, काहींवर तीन, एखादी कोरडी राहते. प्रत्येक थेंब दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे पडतो. अशा घटनांच्या मोजणीचा नियम फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या नावाने ओळखला जातो. त्याची एक खूण फार उपयोगी आहे. अशा मोजणीत सरासरी आणि विचरण साधारण सारखे येतात.

विचरण म्हणजे पसाऱ्याचं माप. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची.

चंबूच्या यादीची सरासरी १६.७ येते आणि विचरण सुमारे १६. दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे अगदी पावसाच्या थेंबांसारखी मोजणी.

स्वतंत्र नळ्यांच्या यादीची सरासरी ११.३५ येते. विचरण मात्र सुमारे ७१५. सरासरीच्या साठपटीहून जास्त.

हाच मुद्दा आणखी एका बाजूने पाहता येतो. बदल फाजशी गाठ पडल्यावरच होत असेल आणि सरासरी ११.३५ वसाहती अपेक्षित असतील, तर एकही वसाहत नसलेली बशी मिळण्याची शक्यता प्वासाँच्या नियमाने सुमारे ८५ हजारांत एक इतकी कमी आहे. प्रत्यक्षात २० पैकी ११ बशा रिकाम्या होत्या.

पहिली शक्यता इथेच बाद होते. फाज येण्याआधीच बदल झालेले होते. फाजने ते घडवले नाहीत, फक्त बाकीच्यांना मारून त्यांना समोर आणलं.

रिकाम्या नळ्यांतून दर काढण्याची युक्ती

या प्रयोगाने आणखी एक गोष्ट शक्य केली, बदल किती वेळा होतो ते मोजणं. वसाहतींची सरासरी इथे भरवशाची नाही, कारण एका जॅकपॉटने ती फुगते. म्हणून लुरिया आणि डेलब्रुक यांनी रिकाम्या बशा मोजल्या. शून्य वसाहती म्हणजे त्या नळीत एकदाही बदल झाला नाही. लवकर झाला की उशिरा, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

एका प्रयोगात ८७ नळ्यांपैकी २९, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, रिकाम्या निघाल्या. प्वासाँच्या नियमानुसार एक तृतीयांश जागा रिकाम्या राहतात तेव्हा सरासरी दर जागी १.१ घटना घडलेल्या असतात. प्रत्येक नळीत सुमारे २४ कोटी जिवाणू होते. म्हणजे साधारण २२ कोटी नव्या पेशींमागे एक बदल.

इतकी दुर्मीळ घटना प्रत्यक्ष पाहणं अशक्यच. ती किती वेळा घडली नाही हे मोजून तिचा दर काढता आला. जिवाणूंतील उत्परिवर्तनाचा दर मोजण्यासाठी ही ‘चढउतार चाचणी’ आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

१९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने हेच वेगळ्या मार्गाने दाखवलं. त्यांनी मखमलीचा तुकडा शिक्क्यासारखा वापरून एका बशीवरच्या जिवाणूंचा ठसा फाज असलेल्या अनेक बशांवर उमटवला. प्रतिरोधी वसाहती सगळ्या बशांवर बऱ्याचदा त्याच त्याच जागी उगवल्या. म्हणजे फाजशी कधीच संबंध न आलेल्या मूळ बशीवर त्या जागी प्रतिरोधी जिवाणू आधीपासून होते.

लुरिया, डेलब्रुक आणि आल्फ्रेड हर्शी यांना विषाणूंवरील संशोधनासाठी १९६९ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

क्षयरोगाच्या गोळ्या आणि गुणाकार

हे गणित माणसाच्या जिवाशी थेट जोडलेलं आहे, आणि त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे क्षयरोग. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत.

क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची चाचणी घेतली आणि १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांत, औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, तर केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. फरक मोठा होता. पण लवकरच औषध घेणाऱ्या अनेकांच्या थुंकीत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जंतू सापडू लागले आणि सुरुवातीचा फायदा पुढच्या काळात बराच ओसरला. पुढच्या चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनला पॅस नावाच्या दुसऱ्या औषधाची जोड दिली गेली, तेव्हा प्रतिरोध खूप कमी झाला.

असं का, ते साध्या गुणाकाराने कळतं. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या शरीरात क्षयाचे सुमारे दहा कोटी जंतू आहेत असं समजा. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. म्हणजे पहिली गोळी घेण्याआधीच त्या रुग्णात असे शंभरेक जंतू आहेत. एकटं आयसोनियाझिड दिलं, तर बाकीचे मरतील, हे शंभर वाढतील आणि काही आठवड्यांनी ‘औषधाची सवय झाली’ असं वाटेल.

रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू त्याहून दुर्मीळ असतो, साधारण दहा कोटींत एक. तरी दहा कोटींत तसा एखादा सापडू शकतो.

आता दोन्ही औषधं एकदम दिली तर? ही दोन औषधं जंतूवर वेगवेगळ्या ठिकाणी मारा करतात आणि त्यांच्याविरुद्धचे बदल वेगवेगळ्या जनुकांत होतात. दोन घटना स्वतंत्र असतील तर त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार होतो. दहा लाखांत एक गुणिले दहा कोटींत एक, म्हणजे कोटी गुणिले कोटी जंतूंमागे एक. शरीरात जंतू आहेत दहा कोटी. दोन्ही औषधांतून निसटणारा जंतू त्यांत असण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली येते.

म्हणूनच औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर भारतात पहिले दोन महिने चार औषधं देतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन चालू राहतात. ती एकाच गोळीत एकत्र केलेली असतात, म्हणजे एक घेतली आणि दुसरी राहिली असं होत नाही. एचआयव्हीवर नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून एकाच वेळी तीन औषधं देण्यामागेही हाच विचार आहे.

गुणाकार कधी फसतो?

हा गुणाकार एका अटीवर उभा आहे. सगळी औषधं एकाच वेळी काम करत असली पाहिजेत. ती अट मोडली की गणितही मोडतं.

एखाद्या रुग्णाला संसर्गच आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंचा झाला असेल, तर त्या औषधाचा वाटा शून्य होतो. अशा रुग्णाने पूर्वी एकही गोळी घेतलेली नसते, तरी त्याचे जंतू प्रतिरोधी असतात. म्हणून उपचाराआधी थुंकीची जनुकीय तपासणी महत्त्वाची ठरते.

एका औषधाने गुण येत नाही म्हणून नंतर दुसरं एकच औषध वाढवणं हेही धोक्याचं. एकामागून एक औषधं दिली की प्रत्येक पायरीवर जंतूंना एकच अडथळा ओलांडावा लागतो. दहा लाखांत एक असलेला जंतू आधी वाढून दहा कोटी होतो आणि मग त्या दहा कोटींत दुसरा बदल झालेला एखादा सापडतो. गुणाकाराचं संरक्षण जातं. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोघांनाही दाद न देणाऱ्या क्षयाला ‘एमडीआर टीबी’ म्हणतात. त्यावरचे उपचार जास्त कठीण असतात.

गोळ्या अनियमित घेतल्या तरी हाच धोका असतो. बरं वाटू लागतं तेव्हा जंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात. उरलेल्यांना वाढायला मोकळीक मिळाली, की प्रत्येक नव्या दुपटीबरोबर नव्या बदलाची संधी येते. उपचार मध्येच थांबवायचे की नाहीत हा निर्णय म्हणूनच डॉक्टरांचा असतो, बरं वाटण्याचा नाही.

हा प्रयोग काय सांगत नाही?

प्रत्येक प्रतिरोध असाच येतो, असा याचा अर्थ नाही.

अनेक जिवाणू प्रतिरोधाची तयार जनुकं दुसऱ्या जिवाणूंकडून घेतात. ही जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या डीएनए-वर्तुळांवर असतात आणि एका जातीतून दुसऱ्या जातीत जाऊ शकतात. क्षयाच्या जंतूत मात्र प्रतिरोध मुख्यतः उत्परिवर्तनातूनच येतो.

जिवाणूंवर ताण आला की चुकांचा वेग वाढू शकतो, हेही आता माहीत आहे. जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहून हा वाद पुन्हा पेटवला होता. काही जिवाणू गरजेचेच बदल घडवतात की काय, असा त्यांचा प्रश्न होता. पुढच्या संशोधनातून दिसलं ते असं, की ताणाखाली बदलांचं प्रमाण वाढू शकतं, पण जिवाणू आपल्या सोयीचा बदल निवडून घडवतात असं नाही. तिकिटं जास्त घेतली तरी सोडत आपल्या हातात येत नाही.

एक खरा अपवाद मात्र आहे. क्रिस्पर या यंत्रणेत जिवाणू हल्ला करणाऱ्या फाजच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत जपून ठेवतात आणि पुढच्या पिढ्या त्यावरून शत्रूला ओळखतात. २००७ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं. इथे संकट खरोखरच आधी येतं आणि बदल नंतर. लुरिया-डेलब्रुक यांच्या नळ्यांत असं घडत असतं, तर आकड्यांचा पसारा इतका मोठा दिसलाच नसता.

मग ‘सवय’ऐवजी काय म्हणायचं?

सवय लागते ती एकाला. इथे कुणा एका जंतूला काहीच होत नाही. जो औषधाला बळी पडणारा होता तो मरतो, जो आधीपासून वेगळा होता तो उरतो, आणि थोड्या दिवसांनी सगळीकडे त्याचीच भावकी दिसते. याला निवड म्हणतात.

शब्द बदलला की उपायही बदलतो. सवयच असती, तर औषधाची मात्रा वाढवून किंवा थोडे दिवस औषध थांबवून ती मोडण्याचा विचार सुचला असता. निवड असेल तर तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. गरज नसताना प्रतिजैविक घेऊ नये, कारण प्रत्येक वापर ही एक निवड असते. अनेक औषधांचा उपचार असेल तर ती सगळी एकत्र घ्यावीत. आणि जंतूंची संख्या पूर्ण खाली येईपर्यंत उपचार चालू ठेवावेत, कारण जितके जंतू जास्त, तितकी त्यांच्यात एखादा वेगळा असण्याची शक्यता जास्त.